एका सेकंदात किती क्लिक?

घरी कॉम्प्युटर असेल तर एक छोटा प्रयोग करून पाहा. नसेल तर टेबलावर तर्जनी आपटूनही चालेल. कोणाला तरी घड्याळ घेऊन समोर बसवा, दहा सेकंदांत बोट जितक्या वेळा खाली आपटता येईल तितके आपटा आणि येणाऱ्या आकड्याला दहाने भागा. बहुतेकांचे उत्तर सहा-सातच्या आसपास येईल. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याचे पाच भरले.

हा पोरखेळ कशाला, असे वाटेल. पण आजची तरुण मुले हाच आकडा वाढवण्यासाठी रात्र-रात्र सराव करतात. माइनक्राफ्टसारख्या खेळात दोघे समोरासमोर आले की जो माऊसचे बटण भराभर दाबतो त्याची तलवार जास्त चालते, अशी त्यांची समजूत असते. जपानमध्ये १९८०च्या दशकात हडसन सॉफ्ट या कंपनीचे ताकाहाशी मेइजिन हे गृहस्थ सेकंदाला सोळा वेळा बटण दाबतात म्हणून मुलांचे लाडके झाले होते. तेव्हा हे वेड नवे नाही.

आता शरीराचा कारभार पाहू. बोट हलवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, ते कोपराखाली असतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवे बोट हलवा, म्हणजे पटेल. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे दोरीसारखे स्नायुबंध, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांप्रमाणे बोटापर्यंत जातात. बोट खाली ओढणारा स्नायूंचा गट वेगळा, वर उचलणारा वेगळा. एक आकसला की दुसऱ्याने सैल पडायचे, मग उलट. ही अदलाबदल मेंदूच्या हुकमाने होते आणि तिला वेळ लागतो. वेग अडतो तो बऱ्याच अंशी इथे.

ही अडचण टाळण्यासाठी मुलांनी युक्त्या काढल्या आहेत. 'बटरफ्लाय'मध्ये दोन बोटे एकाच बटणावर आळीपाळीने पडतात. आपला ढोलकीवाला हेच करतो, म्हणून मला त्यात वावगे दिसत नाही. 'ड्रॅग'मध्ये बोट बटणावरून घासत नेतात आणि एका घासण्यात बटण अनेकदा थरथरते. तो वेग बोटाचा नव्हे, बटणाचा. तिसरी युक्ती 'जिटर'. तीत दंडापासून मनगटापर्यंतचा हात इतका ताठ करायचा की तो कापू लागतो, आणि त्या कापण्यावर क्लिक घ्यायचे. आपल्या सर्वांच्या हातात सेकंदाला आठ ते बारा ठोक्यांचा बारीक कंप असतोच, तो इथे मुद्दाम वाढवला जातो. स्नायूंना सैल पडायची उसंतच मिळत नाही. मला भीती वाटते ती याच प्रकाराची.

गेल्या पावसाळ्यात बावीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात कामाला. प्रवेशाचे दिवस, दुकानात रांग, आणि याच्या उजव्या हाताचा अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर. रात्री मुंग्यांनी जाग येई, हात झटकला की बरे वाटे. सकाळी चहाचा कप हातातून निसटला तेव्हा आई घाबरली. करंगळी मात्र ठणठणीत. दिवसभर माऊस आणि रात्री जेवणानंतर तासभर 'जिटर'चा सराव, तोही मनगट टेबलाच्या कडेवर दाबून.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. आत सूज आली की दबतो तो मज्जातंतू. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. केवळ माऊसमुळे हा आजार होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही, पण आधीच दबलेल्या जागेवर वाकलेले मनगट आणि ताठ हात यांची भर नको. मी त्याला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे बांधायला दिला आणि 'जिटर' कायमचे बंद केले. "मग मी हरणारच, डॉक्टर," तो म्हणाला. हात गेला तर नोकरीही हरशील, असे मी सुनावले. महिन्याभरात रात्रीची झोप परत आली.

खेळ मी बंद केला नाही. वेग वाढवायचाच असेल तर त्याला सांगितले तेच सांगतो. खुर्चीची उंची अशी हवी की कोपर काटकोनात राहील आणि हाताला टेबलाचा आधार मिळेल. मनगट सरळ. बोट बटणापासून फार उचलू नये, उचलण्यातच वेळ जातो. दाब हलका. थंडीत आधी हात चोळून गरम करावेत, गार हाताच्या मज्जातंतूंत संदेश हळू धावतो. सराव दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, असे पाच-सहा वेळा, आणि बस्स. बोटांचे कसब झोपेत पक्के होते, तेव्हा जागरण करून सराव करणे म्हणजे भरल्या घागरीला भोक पाडणे. वेग थोडा वाढेल, सोळा होणार नाही. शिवाय माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत २०१६ साली नियमच बदलला. प्रत्येक वारानंतर तलवारीला दम घ्यावा लागतो, घाईने केलेला वार दुबळा पडतो. ज्यांना जुनी पद्धत आवडते ते अजून आधीची आवृत्ती खेळतात.

अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर कळ येत असेल तर तो वेगळा आजार, तिथल्या कंडरांच्या आवरणाची सूज. बोट वाकून अडकत असेल आणि 'टक्' करून सुटत असेल तर तोही वेगळा. दुखण्यावर गोळी घेऊन खेळत राहू नका. बधिरपणा दिवसाही टिकला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला तर मज्जातंतूची तपासणी करून घ्या. कधी छोटी शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाल्यास गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही.

त्या दिवशी मुलाचे संपल्यावर आई हळूच म्हणाली, "डॉक्टर, भाकरी थापताना माझीपण हीच बोटं बधिर होतात, पण मी तर माऊसला हात लावत नाही." वजन वाढलेले, चेहरा सुजट, आवाज घोगरा. मधुमेह आणि थायरॉइड, दोन्हींत हा बोगदा अरुंद पडू शकतो. रक्त तपासले, साखर ठीक होती. थायरॉइड कमी निघाले. गोळी सुरू केली आहे आणि पट्टा तिलाही दिला आहे.