रोवणीचे दिवस आणि चित्ताची समता

आषाढ पौर्णिमेस वर्षावासाचा आरंभ होतो व आश्विन पौर्णिमेस त्याची सांगता होते. या काळात गावोगावच्या विहारांत ग्रंथवाचन चालते. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नेमक्या याच दिवसांत धानाची रोवणी येते. नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी या भागांतील उपासक-उपासिका पहाटेपासून बांधीत वाकून पऱ्हे लावीत असतात. विहारातील सतरंजी अर्धी रिकामी राहते आणि येऊ न शकणाऱ्यांच्या मनाला आपण धम्मकार्यात उणे पडलो अशी टोचणी लागते. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर येथे कोळसा खाणींत किंवा वीज केंद्रात पाळीने काम करणाऱ्यांची अडचण वेगळी नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाणाऱ्या कुटुंबांचीही हीच स्थिती असते. "कामातून सवड मिळाली की धम्म पाहू" असे आपण म्हणतो. परंतु ही सवड मिळत नाही. म्हणून या प्रश्नाचा मुळातून विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम वर्षावासाचे मूळ पाहावे. पावसाळ्यातही भिक्षू चारिका करीत आणि त्यांच्या पायांखाली हिरवी रोपे व सूक्ष्म जीव तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार विनयपिटकातील महावग्गात नोंदविली आहे. त्यावरून तथागतांनी भिक्षूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे वर्षावासाच्या नियमात शेतातील कोवळ्या रोपाची कदर आहे. तेव्हा रोवणीत गुंतलेला उपासक वर्षावासापासून दूर गेला, असे मानण्याचे कारण नाही.

संसारी माणसाने समतोल कसा राखावा, याचे उत्तर अंगुत्तर निकायात सापडते. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने, आम्ही मुलाबाळांत राहणारी माणसे आहोत, आमच्या हिताचे काय ते सांगावे, अशी विनंती केली. तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता, आरक्खसंपदा म्हणजे मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत आणि समजीविता म्हणजे समतोल जीवन. तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय-व्ययाची दोन्ही पारडी पाहावीत, असा समजीवितेचा आशय आहे. तेथे विषय धनाचा आहे. परंतु शरीराची शक्ती हेदेखील कष्टकऱ्याचे धनच होय. तिचाही व्यय आयेपेक्षा अधिक होऊ नये, असा त्याचा विस्तार आम्ही करतो.

सोण भिक्षूची कथा हेच सांगते. अतिरेकी उद्योगाने त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त शांत झाले नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. फार ताणलेली किंवा फार सैल तार सुरात वाजत नाही, हे त्याच्याच अनुभवातून तथागतांनी त्याला पटवून दिले. अति प्रयत्नाने अस्वस्थता येते आणि अल्प प्रयत्नाने आळस येतो. या दोहोंमधील वीरियसमता साधावयाची असते.

येथे एक सावधगिरी हवी. चित्तशांती म्हणजे अन्याय्य श्रम मुकाट्याने सोसणे नव्हे. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थांत वाटा देणे आणि योग्य वेळी सुटी देणे. विश्रांती ही मेहेरबानी नसून देणे आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती पुढे आली. हा न्याय घरातही लागू होतो. दिवसभर रोवणी करून आलेल्या स्त्रीनेच चूलही पेटवावी, पाणीही भरावे आणि पुरुषाने ओसरीवर बसून शांतीची चर्चा करावी, हे समजीवितेत बसत नाही. पुरुषाने घरकामाचा वाटा उचलला, तर त्या घरात दोघांनाही विहारात जाण्यास सवड मिळेल.

आता प्रत्यक्ष साधनेविषयी. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, खाणे-पिणे ही सर्व स्मृतीची क्षेत्रे मानली आहेत. म्हणून साधनेसाठी काम सोडावे लागत नाही. बांधावर शिदोरी सोडण्यापूर्वी दहा श्वास नीट पाहावेत. पऱ्हे लावताना चित्त कर्जाकडे किंवा भांडणाकडे धावले, की त्याला रागे न भरता हातातील रोपाकडे आणावे. खाणीत वा यंत्राजवळ डोळे मिटून ध्यान करू नये. तेथे कामावरील सावध लक्ष हीच स्मृती. रात्रपाळीच्या कामगाराने झोप मोडून पहाटेची वंदना करण्याचा हट्ट धरू नये; पुरेशी झोप घेऊन उठल्यावर ती करावी.

विहारांच्या व्यवस्थापकांचेही कर्तव्य आहे. रोवणीच्या पंधरवड्यांत वाचन अर्ध्या तासाचे ठेवावे, जेवणानंतरची वेळ धरावी आणि पाळीच्या कामगारांसाठी सुटीच्या दिवशी वेगळी बैठक घ्यावी.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली, तेव्हा आजचा गडचिरोली जिल्हाही चांदा जिल्ह्यातच होता. त्या दीक्षेने धम्म या भागातील कष्टकऱ्यांच्या घरांत आला. तो त्यांच्या कामाच्या दिवसांतही त्यांच्यासोबत राहावा, यासाठी वेळापत्रक बदलावे लागले, तर ते आपण आनंदाने बदलावे.