मद्यसेवन आणि अल्परक्तशर्करा : मधुमेही रुग्णांच्या संदर्भात एक विवेचन
(विशेष संदर्भ : जळगाव व धुळे जिल्हे)

बीजशब्द : मधुमेह, अल्परक्तशर्करा, मद्यसेवन, यकृत, खानदेश

प्रस्तावना

मधुमेह हा शब्द उच्चारला की रक्तातील वाढलेली साखर एवढेच चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. गोड खाऊ नये, गोळी चुकवू नये आणि साखर वाढू देऊ नये, या तीन सूचनांभोवती रुग्णाचे व त्याच्या कुटुंबीयांचे सारे लक्ष केंद्रित झालेले असते. वाढलेली साखर शरीराची हानी वर्षानुवर्षे करीत राहते. परंतु प्रमाणाबाहेर उतरलेली साखर काही तासांतच रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, याची जाणीव मात्र अभावानेच आढळते. मद्यसेवन हे साखर अशी अचानक उतरण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. विशेष म्हणजे मद्यामुळे हा धोका केवळ वाढत नाही, तर तो ओळखण्याची खूणही पुसली जाते. साखर उतरलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. प्रस्तुत लेखात या दुहेरी धोक्याचे शास्त्रीय कारण व त्यावरील उपाय यांचे विवेचन जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या पार्श्वभूमीवर करण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाची पार्श्वभूमी

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासात ग्रामीण भागातील मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के आढळले. म्हणजेच मधुमेह हा केवळ शहरातील, बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसाचा आजार राहिलेला नाही. तो शेतात राबणाऱ्या माणसापर्यंत पोहोचलेला आहे.

१९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झालेल्या खानदेशातील आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे प्रामुख्याने कृषिप्रधान आहेत. तापीकाठची केळी, कोरडवाहू शिवारातील कापूस आणि त्यावर अवलंबून असलेला मोठा मजूरवर्ग हे येथील अर्थजीवनाचे स्वरूप होय. चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून तेथील आदिवासी समाजात मोहाच्या फुलांपासून गाळलेल्या दारूला देवकार्यात व सणसमारंभात परंपरेने स्थान आहे. गावोगावी देशी दारू, शहरांतून बिअर व विदेशी पद्धतीचे मद्य आणि काही ठिकाणी चोरून गाळलेली हातभट्टीची दारू असे मद्याचे विविध प्रकार आढळतात. दिवसभर अंगमेहनत करून, दुपारची भाकरी पचल्यानंतर रिकाम्या पोटी दारू पिणे आणि नंतर न जेवताच झोपी जाणे हा प्रकार ग्रामीण भागाला अपरिचित नाही. आरोग्याच्या दृष्टीने नेमका हाच क्रम सर्वाधिक धोक्याचा ठरतो.

यकृताचे कार्य आणि मद्याचा अडथळा

मेंदूला अखंड ग्लुकोजचा पुरवठा लागतो. माणूस जेवलेला असो वा उपाशी, रक्तातील साखर एका ठरावीक मर्यादेत ठेवण्याचे काम यकृत करीत असते. हे काम दोन प्रकारे चालते. जेवणातून आलेली जादा साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते. हा साठा सुमारे १०० ग्रॅम इतका असतो व गरज पडेल तसा तो रक्तात सोडला जातो. उपवास लांबला की हा साठा कमी होत जाऊन सुमारे एका दिवसात जवळजवळ संपतो. साठा घटत असतानाच यकृत लॅक्टेट, प्रथिनांचे घटक व ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोजही तयार करू लागते. घरातल्या भाषेत सांगायचे तर यकृत हे साखरेचे कोठारही आहे आणि कारखानाही.

मद्य पोटात गेल्यावर यकृताला त्याचे विघटन आधी करावे लागते. या विघटनात यकृतातील रासायनिक समतोल असा बिघडतो, की नवे ग्लुकोज तयार होण्यासाठी लागणारा कच्चा माल दुसऱ्याच वाटेने वळवला जातो. परिणामी कारखाना मंदावतो. पोट भरलेले असेल तर कोठारातील साठ्यावर काही काळ भागते. परंतु मद्य घेणारा उपाशी असेल, अंगमेहनतीने त्याचा साठा आधीच घटलेला असेल, तर कोठारही रिकामे आणि कारखानाही बंद अशी स्थिती निर्माण होते. मधुमेह नसलेल्या व्यक्तीतही दीर्घ उपासमारीनंतरच्या मद्यसेवनाने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याच्या बाबतीत हा धोका अर्थातच अधिक असतो.

प्रमाण आणि काळ यांचा हिशेब

हा परिणाम पिताक्षणी दिसत नाही, म्हणून तो फसवा आहे. सर्वसाधारण यकृत ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचे विघटन करू शकते. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत, म्हणजेच बोलीभाषेतील एका क्वार्टरमध्ये, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ८ टक्के मद्यार्काच्या कडक बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो सुमारे ४० ग्रॅम भरतो. या हिशेबाने रात्री ९ वाजता घेतलेली क्वार्टर यकृताला पहाटे ३ ते साडेपाच वाजेपर्यंत गुंतवून ठेवते. म्हणजे साखर उतरण्याचा धोका नशेच्या भरात नव्हे, तर नशा ओसरत असताना, झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी अधिक असतो. सकाळी न खाता पुन्हा कामावर गेल्यास तो आणखी वाढतो. हातभट्टीच्या दारूत मद्यार्क किती हे कोणालाच ठाऊक नसल्याने तेथे असा हिशेबही मांडता येत नाही.

मधुमेहाची औषधे आणि मद्य

सर्वच औषधांचा मद्याशी सारखाच संबंध येत नाही. इन्शुलिनचे इंजेक्शन बाहेरून दिलेले असल्याने रक्तातील साखर उतरू लागली तरी त्याचे कार्य थांबत नाही. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या स्वस्त व सर्वत्र मिळणाऱ्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवण्यास भाग पाडतात आणि त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. एकीकडे औषध साखर खाली आणत असते, तर दुसरीकडे मद्यामुळे यकृत ती भरून काढू शकत नाही. मेटफॉर्मिनने एकट्याने सहसा साखर फार उतरत नाही. तथापि अतिमद्यसेवनाच्या जोडीने रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा दुर्मीळ पण प्राणघातक धोका संभवतो. अनेक रुग्णांच्या एकाच गोळीत मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड एकत्र असतात, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

काही लोकांत असा समज आढळतो की दारूने साखर कमी होते, त्याअर्थी ती मधुमेहावर गुणकारी असावी. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. औषधाने साखर नियंत्रित होते. मद्याने शरीराची साखर सांभाळण्याची यंत्रणाच बंद पडते. शिवाय हा परिणाम एकाच दिशेचा नाही. बिअर, गोड पेयात मिसळलेले मद्य आणि सोबतचा तळलेला चखणा यांमुळे साखर प्रथम वाढते. दीर्घकाळच्या अतिमद्यसेवनाने वजन व रक्तातील मेद वाढतो, स्वादुपिंडाला सूज येऊन मधुमेह नव्यानेही उद्भवू शकतो आणि मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या पायांच्या नसांची अधिक हानी होते. ‘गोळी टाळली की पिता येते’ हा व्यवहारही तितकाच घातक होय.

लक्षणांतील साम्य : खरा धोका

रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरपेक्षा खाली गेली की तिला अल्परक्तशर्करा म्हणतात. ५४ च्या खाली ती गंभीर मानली जाते. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे व एकाएकी भूक लागणे ही तिची आरंभीची लक्षणे होत. साखर आणखी उतरल्यास बोलणे अडखळते, चाल लटपटते, माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो आणि शेवटी बेशुद्ध होतो. काही वेळा झटकेही येतात. ही यादी एखाद्या अनोळखी माणसाला वाचून दाखविल्यास तो ती मद्यप्याचीच लक्षणे म्हणेल. वैशाख महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा अंगाला सुटलेला घामही कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

या साम्याचे परिणाम गंभीर होतात. पिणाऱ्याला स्वतःला लक्षणे उमगत नाहीत, कारण मद्याने त्याची जाणीव मंदावलेली असते. घरचे लोक रोजच्या अनुभवाने वैतागलेले असतात. तोंडाला वास येत असल्याने शेजारीही निश्चिंत असतात. ‘पडू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणून त्याला ओट्यावर तसेच सोडले जाते. फार झाले तर नशा उतरावी म्हणून लिंबूपाणी किंवा ताक पाजले जाते. परंतु साखर न घातलेल्या लिंबूपाण्याने वा ताकाने उतरलेली साखर वर येत नाही. मेंदूला दीर्घकाळ ग्लुकोज न मिळाल्यास कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी त्या माणसाचे प्राण दारूइतकेच भोवतालच्या गैरसमजानेही घेतलेले असतात, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

उपाय व दक्षता

१) मधुमेही व्यक्तीने मद्य न घेणे हाच सर्वांत निर्धोक मार्ग होय. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

२) जे मद्य घेतात त्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये. औषधाची निवड व मात्रा ठरविताना ही माहिती निर्णायक असते. मद्य उपाशीपोटी किंवा कष्टाच्या कामानंतर लगेच घेऊ नये. रात्रीचे जेवण टाळू नये. झोपण्यापूर्वी साखर तपासावी. ती १०० च्या खाली असल्यास काही खाऊनच झोपावे आणि सकाळी पुन्हा तपासावी.

३) माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर ग्लुकोज पावडर किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी सुधारणा न दिसल्यास पुन्हा द्यावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे घेणाऱ्यास साखरेऐवजी ग्लुकोजच द्यावे, कारण या औषधांमुळे साखरेचे पचन लांबते. केळी किंवा भाकरी त्यानंतर द्यावी. त्यांतील साखर रक्तात उतरण्यास वेळ लागत असल्याने पहिला उपाय म्हणून त्या पुरेशा नाहीत.

४) माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तो मधुमेही आहे व त्याने दारू घेतली आहे, या दोन्ही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन यकृतातील साठा मोकळा करून साखर वाढविते. साठाच संपलेला असल्यास त्याचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून शिरेतून ग्लुकोज देणे आवश्यक असते. नियमित मद्यपींना त्यासोबत थायामिन हे जीवनसत्त्वही दिले जाते. साखर एकदा वर आली तरी ती पुन्हा उतरू शकते, त्यामुळे रुग्णाला लगेच घरी नेण्याची घाई करू नये.

५) गावातील आशा कार्यकर्ती, उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या माध्यमातून ही माहिती अहिराणी, लेवा, पावरी अशा बोलींतून द्यावी. बेशुद्ध मद्यप्याच्या बोटातील रक्ताच्या एका थेंबाची ग्लुकोमीटरवरील तपासणी अवघ्या काही सेकंदांची असते.

समारोप

मद्याचा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १९३० च्या दशकात तत्कालीन पश्चिम खानदेशातील तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी आदिवासी समाजात व्यसनमुक्तीची चळवळ उभी केली आणि हजारो लोक दारूपासून दूर झाले. त्या चळवळीचे वैशिष्ट्य असे, की तिने व्यसनी माणसाला झिडकारले नाही, तर आपलासा करून घेतले. मधुमेहाच्या या काळात हाच दृष्टिकोन वैद्यकीय अर्थानेही उपयुक्त ठरणारा आहे. व्यसनमुक्तीचे काम दीर्घकाळचे आहे. परंतु ओट्यावर पडलेल्या माणसाला मधुमेह आहे काय, एवढा प्रश्न त्याच रात्री विचारता येतो. त्याची नशा सकाळी उतरेल, ही खात्री बाळगण्याआधी त्याची साखर तर उतरलेली नाही ना, हे पाहणे ही कुटुंबाची व समाजाची पहिली जबाबदारी ठरते.