बांधून मिळत नाही

मार्चचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन. जुन्या जालन्यात गांधी चमनाजवळच्या एका गल्लीत ज्यूसच्या छोट्या गाळ्यापुढं मी उभा होतो. माझ्या पुढच्या तरुणानं सांगितलं, "मावशी, दोन बनाना शेक पार्सल द्या. संभाजीनगरला न्यायचेत."

"बांधून मिळत नाही. इथं प्यायचं असलं तर देते."

"तासा-दीड तासाचा तर रस्ता आहे."

"वीस मिनिटं. त्याच्या पुढं माझा शेक नाही, दादा."

तो निघून गेला. मावशींनी मिक्सरचा जार विसळला आणि माझ्याकडं बघितलं. ऐन उन्हाळ्याच्या धंद्यात दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. पण मनात घर केलं ते त्या वीस मिनिटांनी, आणि त्याला कारण होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावातून बाटलीत असाच शेक भरून घेऊन मी सात वर्षांच्या भाचीबरोबर बसनं निघालो होतो. दोन तासांनी तिनं उरलेला मागितला. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला, तो मला जाणवला, आणि तरी मी बाटली तिच्या हातात दिली. लेकरू रात्रभर ओकत होतं. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

म्हणून मावशींना विचारून पुढच्या आठवड्यात पहाटेच गाळ्यावर गेलो. नंतर आणखी तीनदा गेलो.

पावणेसहाला मोटरसायकलवरून दुधाच्या किटल्या येतात. गवळी उतरवून ठेवतो, पण मावशी लगेच दुधाकडं बघत नाहीत. किटलीचं झाकण काढतात, उलटं करतात आणि आतल्या बाजूला नाक नेतात. डोळे मिटलेले. झाकणाच्या आतल्या कडेला वाफेचे बारीक थेंब जमलेले असतात, त्यावर बोट फिरवून ते बोटही हुंगतात. "दुधाच्या आधी झाकणाला कळतं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी तीन किटल्यांपैकी एक त्यांनी बाजूला ठेवायला लावली. मी वास घेतला तर मला दुधाचाच वास आला. गवळ्यानं हुज्जत घातली नाही. ती किटली त्यानं परत गाडीला अडकवली, यावरून काय ते समजलो.

दूध गाळून तापवतात. उकळी आल्यावरही गॅस बंद होत नाही, आच बारीक करून दूध हलवत राहतात. इथवर कोणत्याही घरात होतं तेच. खरं काम पुढं आहे आणि ते बहुतेक घरांत होत नाही. तापलेलं दूध मोठ्या पातेल्यात तसंच निवायला सोडलं तर मधलं दूध तासन् तास कोमट राहतं. उकळीतही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात, त्यांना हा कोमटपणाच हवा असतो. मावशी दूध तीन पसरट भगुन्यांत ओततात आणि ती भगुनी पाण्याच्या परातीत ठेवतात. पाणी कोमट झालं की बदलतात. दोनदा, कधी तीनदा. मग मनगटाची आतली बाजू भगुन्याला टेकवतात. चटका नाही, ऊबही नाही, असं झालं की दूध फ्रीजमध्ये जातं.

हे जालन्यात करणं सोपं नाही. 2012-13 च्या दुष्काळात या शहरानं टँकरमागं धावून दिवस काढले आहेत. कुंडलिकेच्या काठावरचं गाव, पण नदी उन्हाळ्यात दिसते ती अशी की तिच्याकडं बघवत नाही. जायकवाडीचं पाणी पाइपानं आलं, तरी नळाला रोज पाणी येतंच असं नाही. म्हणून परातीतलं पाणी मावशी फेकत नाहीत. पहिलं पाणी फरशीला, दुसरं दारातल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला. दूध थंड करायला पाणी खर्च करणारी बाई मी समजू शकतो. तेच पाणी पुन्हा दोन ठिकाणी पुरवणारी बाई मला फार मोठी वाटली.

केळी अर्धापूरकडून येतात, कधी रावेरकडची. फण्या सुतळीनं टांगलेल्या असतात, चिकू-आंब्यापासून लांब, कारण पिकणारं फळ जो वायू सोडतं त्यानं शेजारचं फळही घाईनं पिकतं. केळी सालासकट फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत. साधारण 13 अंशांच्या खाली गेलं की केळ्याला थंडी बाधते आणि साल काळी पडते. सालीवर बारीक तपकिरी ठिपके आले की मावशी केळी सोलतात, चकत्या करतात, ताटलीत एकेक सुटी मांडून डीप फ्रीझरमध्ये कडक करतात आणि मग डब्यात भरतात. शेकमध्ये थंडावा येतो तो या चकत्यांचा. बर्फाची लादी या गाळ्यात येतच नाही. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालण्याची सक्ती 2018 साली महाराष्ट्रात झाली, तरी लादी कुठल्या पाण्याची आणि कोणत्या गोणपाटातून आली हे ग्लास हातात घेणाऱ्याला कुठं दिसतं? मावशींनी तो प्रश्नच मिटवून टाकला आहे. लाइट गेली तर फ्रीझरचं झाकण उघडायचं नाही, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलाय.

म्हणजे दूध वेगळं टिकतं, केळंही वेगळं टिकतं. घोटाळा होतो तो दोघं एकत्र आल्यावर.

एका दुपारी मावशींनी मुद्दाम एक ग्लास भरून ओट्यावर ठेवला. "बघत बसा," म्हणाल्या. पहिली पाच मिनिटं काही नाही. दहाव्या मिनिटाला वर फेस वेगळा झाला, खाली पातळसर रेघ दिसू लागली. पंधराव्याला फेसाच्या कडेला, काचेला चिकटलेला भाग फिकट गुलाबीसर तपकिरी झाला. वीस मिनिटांनी चमच्यानं हलवून प्यालो. खराब नव्हता. पण आधीची चव गेली होती, जिभेच्या मागं थोडी तुरट जाणीव राहिली. हे घड्याळ मावशींनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. नवऱ्याच्या हातगाडीवर उभ्या असल्यापासून त्या ग्लासाकडं बघत आल्या आहेत.

त्याचं कारण साधं आहे. केळं चिरलं की त्याच्या पेशी फुटतात, आतलं विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीनं रंग काळवंडवतं. मिक्सर तर प्रत्येक पेशी फोडतो आणि वर हवा घुसळून घालतो. लिंबू पिळलं तर केळं काळं पडत नाही, पण दूध फाटतं. गार ठेवलं तर हे सगळं मंदावतं, थांबत नाही. हा झाला चवीचा आणि रंगाचा भाग. पोटाचा भाग वेगळा: नासणारं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि 32 अंशांच्या वर उष्मा असेल तर एका तासापेक्षाही नको, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. जालन्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बसच्या खिडकीतल्या बाटलीचं काय होत असेल ते मी भोगून बसलोय. वीस मिनिटांत माणूस आजारी पडत नाही हे मावशींनाही ठाऊक आहे. पण बांधून दिलेलं कोण वीस मिनिटांत पितं?

बाटलीत मिळणारं केळ्याचं दूध नसतं असं नाही. दक्षिण कोरियात 1974 पासून बिंग्रे कंपनीचं तसं दूध मिळतं, बुटक्या गोल बाटलीत, आणि तिथल्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. ते निघालं तेव्हा त्या देशात केळं हे महागामोलाचं फळ होतं. आपल्याकडंही केळ्याच्या स्वादाचं दूध बाटलीत आणि खोक्यात मिळतं. ते टिकतं, कारण ते कारखान्यात निर्जंतुक करून हवाबंद केलेलं असतं आणि त्यात बहुतेक वेळा केळं कमी, स्वाद जास्त असतो. प्रवासात त्याचा आधार आहे, हे मी मान्य करतो. पण अर्धापूरचं केळं तीन-चार तासांच्या अंतरावर पिकत असताना केळ्याचा नुसता वास विकत घ्यायला माझं मन तयार होत नाही.

शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा संध्याकाळ होती. जवळच्या दवाखान्यातून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, खांद्यावर उपरणं, हातात स्टीलचा डबा. सून दोन दिवसांची बाळंतीण, काही जात नाही म्हणाले, डॉक्टरांनी दूध-केळं चालेल म्हणून सांगितलंय. मला वाटलं, आता मावशींचा नियम मोडणार.

मावशींनी डबा घेतला. झाकण उलटं करून हुंगलं. आतून खळाळून धुतला, वर उकळतं पाणी फिरवलं. फ्रीजमधलं दूध त्यात काठोकाठ भरलं, मध्ये हवेला जागा ठेवली नाही. टांगलेल्या फणीतली दोन केळी देठासकट कापून वेगळ्या कागदात दिली.

"काका, केळं तिथं गेल्यावर सोला. वाटीत चमच्यानं कुस्करा, वर दूध घाला, लगेच खाऊ घाला. उरलं तर ठेवू नका, तुम्ही खा."

पैसे दुधाचे आणि केळ्यांचे घेतले, शेकचे नाही.

हीच रीत मी आता घरी पाळतो. भाचीच्या शाळेच्या डब्यात शिकरण जात नाही, सालासकट केळं जातं. दूध ती घरी पिऊन निघते. तुम्हीही लेकरांच्या डब्यात कालवलेलं दूध-केळं देत असाल तर एवढं बंद करा. आणि गांधी चमनाकडं कधी गेलात तर मावशींकडं पार्सल मागू नका. ग्लास हातात घ्या आणि तिथंच उभं राहून प्या.