गाजर गवताचे पाणी, मुळ्याची मुळे

पावसाळ्यात पुणे-सोलापूर रस्त्याने कुरकुंभकडे जाताना कडेच्या पडीक जागेकडे पाहा. गाजरासारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले तण दिसले, तर ते गाजर गवत. हे मूळचे अमेरिकेचे. भारतातील नवी वनस्पती म्हणून आर. एस. राव यांनी १९५६ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली, ती पुण्यातीलच!

तण पिकाचे पाणी व अन्न पळवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गाजर गवत आणखी एक गोष्ट करते. त्याच्या अंगात पार्थेनिन आणि फिनॉल गटातील आम्ले असतात. पाने भिजली, कुजली की ती मातीत उतरतात आणि शेजारच्या कोवळ्या मुळांची वाढ रोखू शकतात. अशा परिणामाला हान्स मोलिश यांनी १९३७ साली ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव दिले.

हे पडताळून पाहायचे आहे? शिक्षकांना सोबत घ्या. या गवताने अंगाला खाज सुटते, परागांनी दम लागू शकतो; म्हणून हातमोजे घाला, नाकाला रुमाल बांधा.

सावलीत वाळवलेल्या पानांचा १० ग्रॅम चुरा १०० मिलिलिटर पाण्यात २४ तास भिजवून गाळा. थोड्या अर्कात तितकेच पाणी मिसळा. तीन बशांत टीपकागद घालून प्रत्येकीत मुळ्याचे २० दाणे ठेवा. एका बशीत साधे पाणी, दुसरीत पातळ अर्क, तिसरीत दाट अर्क घाला. बशा झाका. पाच दिवसांनी उगवलेले दाणे मोजा, मुळांची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. समजा, सरासरी लांबी साध्या पाण्यात ४० आणि दाट अर्कात १० आली, तर वाढ ७५ टक्के घटली.

पण थांबा! दोष गाजर गवताचाच कशावरून? नुसत्या दाटपणामुळेही बी पाणी कमी शोषते. म्हणून चौथ्या बशीत मुळ्याच्याच वाळल्या पानांचा तितकाच दाट अर्क घाला आणि तुलना करा.

बशी म्हणजे शेत नव्हे, हेही विसरू नका. मातीतील सूक्ष्मजंतू ही रसायने मोडतात. तेव्हा हाच प्रयोग शेतातील माती भरलेल्या कुंड्यांत करा. तेथेही मुळे खुरटली, तर भाजीचे रोप टाकण्यापूर्वी वाफा का स्वच्छ करायचा आणि गवत फुलण्याआधीच का उपटायचे, हे घरी आकड्यांनिशी सांगता येईल.