नाणे आणि गाणे : जुन्या ज्यूकबॉक्सच्या पुनरुज्जीवनातील तंत्र व तारतम्य

प्रस्तावना

जुन्नरहून नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचणाऱ्या वाटसरूस तेथील दगडी रांजण दिसतो. घाटातून जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरागत समजूत आहे. सातवाहनकाळात ही वाट जुन्नरला कोकणातील बंदरांशी व पर्यायाने रोमन जगाशी जोडीत होती. त्याच जगात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने नाणे टाकताच पवित्र जल देणाऱ्या यंत्राचे वर्णन केले. नाण्याच्या भाराने तरफ झुकते व झडप उघडते. नाणे घसरून पडले की झडप मिटते. रांजणापाशी पहारा लागत असेल. हेरॉनच्या यंत्रात नाणे स्वतःच पहारेकरी झाले. नाण्यावर चालणाऱ्या संगीतयंत्राचे मूळ या कल्पनेत आहे. प्रस्तुत लेखात अशा यंत्राची रचना आणि ते पुन्हा चालते करताना येणाऱ्या अडचणी यांचा विचार केला आहे.

यंत्राची वाटचाल

दि. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका मद्यगृहात लुई ग्लास यांनी एडिसनच्या फोनोग्राफला नाण्याची खाच जोडली. ध्वनिवर्धक नसल्यामुळे श्रोत्यांना कानाला नळ्या लावाव्या लागत. पुढे १९४६ च्या ‘वुर्लित्झर १०१५’ या ज्यूकबॉक्समध्ये २४ तबकड्या, त्यांचीही एकच बाजू, वाजत असे. १९४८ मध्ये ‘सीबर्ग’ने दोन्ही बाजू वाजवून शंभर गाण्यांची निवड शक्य केली. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ही यंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चहा-मस्क्याच्या सोबतीला होती.

पैसे देऊन आवडीचे गाणे मागण्याची रीत मात्र महाराष्ट्राला नवी नव्हती. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडातील दौलतजादा ही एका अर्थी हीच देवघेव होय. फरक इतकाच की, ज्यूकबॉक्स मुजरा करीत नाही आणि वन्समोअरला दुसरे नाणे मागतो.

दुरुस्तीचा क्रम

जुने यंत्र हाती आले की विजेची पिन लावून पाहण्याचा मोह प्रथम होतो आणि तोच घातक ठरतो. ध्वनिवर्धकातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांत सुकलेले असतात, तारांवरील रबर भुगा होऊन गळते. अशा स्थितीत पूर्ण दाब दिल्यास ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो जळाला तर बदली मिळणे दुरापास्त. म्हणून आधी तारा व कपॅसिटर तपासावेत, बाद झालेले बदलावेत व मगच दाब हळूहळू वाढवावा.

अमेरिकी यंत्रांबाबत आणखी एक अडचण आहे. ती सुमारे ११७ व्होल्ट व ६० हर्ट्झ विजेसाठी बनलेली असतात. भारतात वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असते. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर व्होल्टचा प्रश्न सोडवतो, हर्ट्झचा नाही. मोटार पाच षष्ठांश वेगाने फिरते, ४५ फेऱ्यांची तबकडी साडेसदतीस फेऱ्यांवर येते आणि गाणे रेंगाळते. उपाय साधा आहे : मोटारीच्या दांड्यावरील, तबकडीच्या चाकाला फिरवणारे बुश एक पंचमांशाने जाड करून घ्यावे. हे काम लेथवरचे आहे. शेतीपंपाच्या मोटारी गुंडाळणारे आणि लेथवर सुटे भाग घडवणारे कारागीर नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजारपेठांना अपरिचित नाहीत. महागडा सुटा भाग परदेशातून मागवण्यापूर्वी त्यांच्याकडे जाणे शहाणपणाचे.

गिअर व साखळ्यांवरील जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते रॉकेलने धुऊन नवे वंगण द्यावे. नाण्याच्या वाटेत मात्र तेलाचा थेंबही नको. तेलावर धूळ बसते, नाण्याचा वेग मंदावतो आणि यंत्र खरे नाणेही नाकारते.

तबकड्यांची काळजी वेगळी. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत लाखेबरोबर दगडाची भुकटी असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे स्पिरिटने पुसलेली तबकडी कायमची वाया जाते. ऊर्ध्वपातित पाणी व सौम्य साबण पुरेसे आहे. मोठ्या खाचांना सुमारे ७६ मायक्रॉन टोकाची सुई लागते, ४५ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे २५. जुन्या जड भुजेखाली दुर्मीळ तबकडी देण्यापूर्वी तिचे ध्वनिमुद्रण करून ठेवणे इष्ट.

तारतम्य

लाकूड तासून नवे पॉलिश आणि क्रोमचा नवा मुलामा दिला की यंत्र चकचकीत दिसते. पण हजारो हातांनी झिजवलेली निवडीची बटणे व नाण्याच्या खाचेभोवतीचे ओरखडे हाच त्याच्या वापराचा पुरावा असतो, आणि तोच पुसला जातो. विद्युतसुरक्षेत तडजोड नको. बाह्य रूपात मात्र जितके कमी कराल तितके बरे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा. जुन्या कपॅसिटरच्या पोकळ डबीत नवा बसवण्याची पद्धत या दृष्टीने उत्तम.

शेवटचा पेच नाण्याचाच. चांदीची पावली व १९५७ नंतरचे निकेलचे २५ पैसे यांचा व्यास एकच, १९ मिलिमीटर. वजन अनुक्रमे सुमारे २.९२ व २.५ ग्रॅम. पुढे आलेले पोलादी नाणे २.८३ ग्रॅमचे. वजनाच्या काट्यावर तोललेली यंत्रणा हा फरक ओळखते. ३० जून २०११ पासून २५ पैशांचे नाणे वैध चलन राहिले नाही. खाच मोठी कापून आजचे नाणे बसवणे म्हणजे यंत्राचे मूळ माप कायमचे गमावणे. त्यापेक्षा १९ मिलिमीटर व्यासाचे, सुमारे १ मिलिमीटर जाडीचे पितळी टोकन करून घ्यावे. त्याचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास येते. निकेल चुंबकाला चिकटते, पितळ चिकटत नाही. म्हणून वाटेत चुंबक असल्यास त्याचे अंतर पुन्हा जुळवावे लागते.