पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले असल्यास महाधमनीच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया करता येते का?

होय, बहुतेक रुग्णांमध्ये करता येते. मात्र जुन्या ऑपरेशनची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. शस्त्रक्रियेची पद्धत त्यावर ठरू शकते.

आजार काय आहे?
पोटातील महाधमनी साधारण २ सें.मी. रुंद असते. ती ३ सें.मी. किंवा अधिक फुगल्यास त्याला ॲन्युरिझम म्हणतात. धूम्रपान करणाऱ्या वयस्क पुरुषांत धोका जास्त असतो. बहुधा त्रास जाणवत नाही. सोनोग्राफीत फुगवटा दिसतो. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सें.मी.च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

जुन्या ऑपरेशनमुळे काय अडचण येते?
आतडी एकमेकांना व पोटाच्या भिंतीला चिकटलेली असू शकतात. पोट पुन्हा समोरून उघडताना आतड्याला इजा होण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर दोन पर्याय तपासतात:

- डाव्या कुशीतून शस्त्रक्रिया: आतड्यांचे आवरण न उघडता मागच्या बाजूने महाधमनीपर्यंत पोहोचून कृत्रिम नळी शिवतात.
- जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट: पोट उघडावे लागत नाही. परंतु महाधमनीची रचना अनुकूल असावी लागते आणि पुढे आयुष्यभर नियमित तपासणी करावी लागते.

आयुष्मान भारत योजनेत काय मिळते?
पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. आजार किंवा ऑपरेशन जुने आहे, या कारणाने लाभ नाकारला जात नाही. दुसऱ्या राज्यात राहत असलात तरी तेथील संलग्न रुग्णालयात कार्ड चालते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व सुटीनंतरचे १५ दिवस यांचा खर्च समाविष्ट आहे. त्यानंतरच्या बाह्यरुग्ण तपासण्या योजनेत येत नाहीत. स्टेंट-ग्राफ्ट निवडताना हे लक्षात घ्या.

आपण काय करावे?
१. आयुष्मान कार्ड, आधार कार्ड, सीटी अँजिओग्राफीचा अहवाल आणि जुन्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा.
२. कागद हरवला असल्यास ऑपरेशन कधी व कशासाठी झाले ते सांगा, व्रण दाखवा.
३. आपल्याला सुचवलेली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होते का, हे आरोग्य मित्रांना विचारा. पूर्वमंजुरीचा अर्ज रुग्णालय करते.

महत्त्वाचे: फुगवटा असलेल्या व्यक्तीच्या पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर कागदपत्रांसाठी थांबू नका. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

योजनेच्या माहितीसाठी निःशुल्क क्रमांक: १४५५५