अर्ज कोणत्या काठावर करायचा?

लेखमाला : घटस्फोटानंतर मुलांचा ताबा

करमाळा तालुक्यातल्या कुगावच्या पलीकडे, उजनीच्या पाण्यापल्याड, इंदापूर तालुक्यातलं कळाशी आहे. अलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्याचा, पलीकडचा पुण्याचा. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी शिवारात पसरलं, पण दोन्ही काठांच्या सोयरिकी टिकल्या. त्यामुळे एखादा संसार मोडला की मूल कोणाकडे राहणार, या प्रश्नाला इथे आणखी एक प्रश्न चिकटतो. आई एका जिल्ह्यात आणि बाप दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर दाद मागायची कुठे?

1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं उत्तर सरळ आहे. मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. समजा, करमाळ्याकडच्या शाळेत तिसरीत शिकणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर इंदापूरकडे मामाच्या घरी गेली आणि त्याच सुट्टीत भांडण विकोपाला गेलं. तेवढ्या मुक्कामामुळे तिचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही. मात्र ती तिथल्याच शाळेत जाऊ लागली आणि वर्ष सरलं, तर चित्र वेगळं होतं. अशा वेळी शाळेची हजेरी, अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचं कार्ड हे साधे कागद पुराव्याचं काम करतात. ते घरातून निघताना सोबत घ्यावेत.

घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर मात्र वेगळी वाट आहे. हिंदू विवाह कायद्यात 2003 मध्ये दुरुस्ती झाली आणि पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयातही दावा दाखल करता येऊ लागला. त्याच दाव्यात कलम 26 खाली मुलाचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांबद्दल आदेश मागता येतो, निकालाआधी अंतरिमसुद्धा. माहेरी परतलेल्या बाईला त्यासाठी दुसरा काठ गाठावा लागत नाही.

गावात मात्र बरेचदा प्रकरण न्यायालयापर्यंत जातच नाही. चार माणसं बसतात, स्टॅम्पवर फारकत लिहिली जाते, खाली अंगठे आणि सह्या होतात. त्यातच एक ओळ असते : मुलगा बापाकडे राहील, आईचा त्याच्यावर हक्क राहणार नाही. किंवा उलट : मुलगी आई सांभाळेल, बाप खर्च देणार नाही. अशा कागदाला भिऊन कित्येक बाया वर्षानुवर्षं मुलाला भेटायलाही जात नाहीत. जमातीत फारकतीची जुनी रूढी सिद्ध झाल्याशिवाय हिंदू लग्न अशा कागदाने मोडत नाही. आणि मुलाच्या बाबतीत तर आईबापांनी आपसात काहीही लिहून दिलं, तरी न्यायालय त्याला बांधील नसतं. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे. आईने सही केली म्हणून तो बुडत नाही.

न्यायालय पाहतं ते मुलाचं हित. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 मध्ये कलम 13 ने ते सर्वांत वर ठेवलं आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, हेही त्याच कायद्यात आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात 2015 मध्ये न्यायालयाने हे आणखी ठामपणे सांगितलं : एवढ्या लहान मुलाची आई सांभाळायला अपात्र आहे असं बापाचं म्हणणं असेल, तर ते त्याने सिद्ध करावं. मुस्लिम कुटुंबांत हनफी कायद्यानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते.

बापाचा ऊस आहे, आई मजुरीला जाते, म्हणून ताबा बापाला, असं गणित न्यायालयात चालत नाही. मुलाला अंघोळ कोण घालतं, ताप आला की दवाखान्यात कोण नेतं, शाळेच्या पालकसभेला कोण येतं, हे विचारलं जातं. कळत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये स्वतः बोलू शकतात. त्याआधी आजीने किंवा आत्याने मुलाला उत्तरं पढवणं हा त्या मुलावर मोठा अन्याय आहे, आणि पढवलेलं बोलणं ओळखूही येतं.

ताबा एकाला मिळाला तरी दुसऱ्याचं नातं संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात म्हटलं की, ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलही वापरावा. पण बहुतेक भांडणं अडतात ती प्रत्यक्ष भेटीवर. ‘महिन्यातून दोन रविवार भेट’ एवढंच आदेशात असेल, तर पहिल्याच रविवारी वाद उभा राहतो. मुलाला कुठे सोपवायचं, किती वाजता, आणायचं कोणी, परत पोचवायचं कोणी? या काठांवर त्यात आणखी एक भर घालावी लागते : कोणत्या वाटेने. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि लहान मुलांसह सहा जण गेले. मुलाला पाण्यातून न आणता रस्त्यानेच आणावं, भाड्याचा खर्च कोणी द्यावा, पावसाळ्यात भेटीचं ठिकाण कोणतं असावं, हे वकिलाने मागितलं तर आदेशात लिहिता येतं. मागायला हवं, एवढंच. सोय जमली नाही, किंवा मूल मोठं झालं आणि परिस्थिती बदलली, तर आदेश बदलून मागण्याचीही मुभा आहे.

आणखी एक गैरसमज दोन्ही काठांवर सारखाच आहे. पोटगी थकली म्हणून आई भेट बंद करते. भेट मिळत नाही म्हणून बाप पोटगी थांबवतो. कायद्यात या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज वेगळा, अडवलेल्या भेटीसाठीची तक्रार वेगळी.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जावं. 1987 च्या कायद्यानुसार महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात महाराष्ट्रातल्या महिलांना 1994 पासून कोर्ट फीही माफ आहे.

पुढच्या आठवड्यात : पोटगीचा आदेश हातात आहे आणि पैसे येत नाहीत, तेव्हा वसुली कशी होते.